माझ्या षड्जातली तिची गाणी

शेजारच्या सुदानी मुलाचं आणि माझं आजही पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की शेवटी आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. छे! लिफ्टमध्ये समोरासमोर आलो तर तो मोबाईलमध्ये डोकं घालतो आणि मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहते.

इकडे आखातात, रिग्गईच्या या इमारतीत आम्ही अकरा वर्षं आहोत. नवरा बँकेत, मी घरी गाणं शिकवते. मूळची मिरजेची. तिकडून येताना सागवानी पेटीत घालून स्वतःचा तानपुरा आणला होता, पण इथल्या एसीच्या कोरड्या हवेत त्याचा भोपळा तडकला. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक तानपुरा वापरते. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. सकाळी देवापुढे दिवा लावला की ते सुरू करते, ते दुपारी पानं घेईपर्यंत चालू. मी पोळ्या लाटत असले तरी चालू, फोनवर बोलत असले तरी चालू. कान सुरात राहतो. नवरा म्हणतो, "अगं, फ्रीजसुद्धा मधूनमधून दम खातो." त्याच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

हा मुलगा पाच वर्षांपूर्वी शेजारी आला. मुलगा म्हणायचं, असेल पस्तिशीचा. दुपारनंतर शुवैखला, गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी, आणि उरलेला वेळ घरात लॅपटॉपवर संगीत करायचं. त्यांच्याकडच्या जुन्या कॅसेटी मिळवायच्या, त्यातला एखादा आवाज, एखादी टाळी, ढोलाचा एखादा ठोका कापून घ्यायचा आणि त्याच्याखाली यंत्राचा धम्म धम्म घालायचा. युरोपात म्हणे लोक तिकिटं काढून त्यावर नाचतात. नाचोत बापडे! माझा क्लास शुक्रवारी, कारण मुलांना सुट्टी. त्याचं वर्कशॉपही शुक्रवारी बंद. मी इकडे "सा लावा" म्हणायचं आणि तिकडून भिंत हादरायची. मुलं काय, मुलंच ती. सा लावायचं सोडून मांडीवर त्याचा ठेका धरायची. एक जण तर मला म्हणाला, "आंटी, दॅट्स बेटर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन आयांनी मुलं काढून घेतली तेव्हा मी हारिसकडे, म्हणजे इमारतीच्या राखणदाराकडे गेले. हारिसने मालकाला सांगितलं आणि मालकाने त्या मुलाला कागदावर लिहून ताकीद दिली.

त्या संध्याकाळी तो दारात उभा. उंच, सडसडीत, गळ्यात हेडफोन. आमची भाषा म्हणजे माझं मिरजेचं इंग्रजी आणि त्याचं अरबी वळणाचं. "मॅडम, मला एकदा सांगितलं असतं तर मी आवाज कमी केला असता. मालकाकडे कशाला गेलात?"

"भिंत दोन्ही बाजूंनी असते. तुम्हाला माझा क्लास ऐकू येत नाही?"

"येतो ना. तुमचं मशीन रोज सकाळपासून दुपारपर्यंत एकच गोष्ट सांगतं. चार वर्षांत मी कुणाकडे गेलो नाही."

नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने आवाज खरंच कमी केला आणि माझ्याकडे बघणंही बंद केलं.

मग त्याची आई आली. तिकडे लढाई सुरू झाली, घर गेलं, आणि चार मुलगे चार देशांत. थोरला कैरोला, त्याच्याकडे ती कायमची राहणार होती. मधल्या काळात या धाकट्याकडे व्हिजिट व्हिसावर. हे मला हारिसकडून कळलं. एक दिवस लिफ्टमध्ये दिसली. अंगभर गुंडाळलेलं पातळ, आपल्या नऊवारीएवढं लांब असेल, हातापायांवर काळी मेंदी, आणि ताठ मान. मला बघून हसली. मी मान हलवली, एवढंच.

चार दिवसांनी मुलगा पुन्हा दारात. या वेळी हेडफोन नव्हता आणि नजर खाली होती. त्याला माझ्याकडे मागायला येणं किती जड गेलं होतं ते दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघून बरं वाटलं.

त्याने सगळं नीट सांगितलं. आईला नवरीच्या नाचाची सात गाणी येतात. तिच्या आजीची. लग्नाआधी बायकाबायकांत गायची, सोबत मातीचा ढोल. पुरुषांनी ती ऐकायची नाहीत, म्हणून चारही मुलग्यांना ती येत नाहीत. बहीण नाही. आईबरोबर गाणाऱ्या दोघी होत्या, त्या लढाईत गेल्या. "आता फक्त तिलाच येतात. तिने कबूल केलंय, एकदाच गाईन, एकेक गाणं एकदा. मी खोलीत माईक लावणार आणि दाराबाहेर बसणार. स्टुडिओत ती येणार नाही. दुपारी मला कामावर जायचं असतं. पाच दिवस, सकाळी दहा ते बारा, तुम्ही मशीन बंद ठेवाल का? माझी खोली तुमच्या भिंतीला आहे."

पाच दिवस. दोन तास. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बघते."

आपल्याकडे 'बघते' म्हणजे काय ते मिरजेतलं शेंबडं पोरही सांगेल. त्याला कोण सांगणार? तो छातीवर हात ठेवून शुक्रन शुक्रन म्हणत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला, यंत्र सुरू केलं आणि ते रोजच्या स्टुलावरून उचलून त्या भिंतीला टेकवून ठेवलं. आवाजाचं बटणही थोडं फिरवलं. चुकून नाही. माझे दोन विद्यार्थी गेले होते आणि मालकाच्या कागदावरून त्याने मला चार शब्द ऐकवले होते, म्हणून. दहा वाजता भिंतीवर हलकेच टकटक झाली. मी मटार सोलत होते, सोलत राहिले. पुन्हा टकटक झाली. नंतर तीही थांबली. पाचही दिवस असंच.

तिसऱ्या दिवशी ती स्वतः आली होती. हातात ताटली, ताटलीत भाजलेले शेंगदाणे, वर मीठ. तिने कानाला बोट लावून भिंतीकडे दाखवलं आणि हात जोडल्यासारखे केले. मी ताटली घेतली, मान डोलावली, दार लावलं. यंत्र तसंच. शेंगदाणे संध्याकाळी कुटून काकडीच्या कोशिंबिरीत घातले, आणि ताटली हारिसच्या हाती परत पाठवली, रिकामी. आमच्या घरातून कधी कुणाची ताटली रिकामी परत गेली नव्हती. नवरा म्हणाला, "अगं, निदान चार लाडू तरी ठेवायचेस." मी म्हटलं, "तुम्ही यात पडू नका."

आता दुसरी बाजू सांगते. मुलगा दुपारी कामावर गेला की ती स्वयंपाकघरात गायची. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, त्यामुळे त्यांच्या कांद्याचा वास आमच्याकडे आणि आमच्या हिंगाचा त्यांच्याकडे. घरात पुरुष नाही म्हटल्यावर म्हातारी मोकळी व्हायची. प्लॅस्टिकचा डबा पालथा घालून त्यावर ठेका, आणि काय तो गळा! खडा, सरळ, कुठे आढेवेढे नाहीत. मी भांडी विसळता विसळता थांबायची. कौतुकाने नव्हे हं. चुका काढायला.

गाणं कानावर पडलं की स्वरलेखन करायची मला तीस वर्षांची सवय. वही घेतली आणि लिहायला लागले. शब्द देवनागरीत, अर्थ कळत नव्हता पण उच्चार कळत होते. वर स्वर. सा रे ग प ध, पाचच स्वर, म्हटलं हा तर आपला भूप! आफ्रिकेत कुठून आला देव जाणे. पण शेवट मात्र चुकत होता. ओळ छान वर जायची, फिरून खाली यायची, आणि सा वर येऊन टेकायच्या ऐवजी म्हातारी दुसरीकडेच जाऊन बसायची. पहिल्या गाण्यात तर खालच्या ध वर, आणि तिथून उठतच नव्हती. अर्धवट जेवून पानावरून उठल्यासारखं वाटायचं मला. वय झालंय, दम पुरत नाही, असं मी ठरवून टाकलं. आणि वहीत शेवट सुधारून लिहिला. सगळ्या ओळी सा वर. सात गाणी, सातही नीट माझ्या सा वर आणून सोडली. वर तारीख घातली, खाली रेघ मारली. इतकं समाधान वाटलं की काय सांगू.

ती कैरोला गेली. जातानाही मी दार उघडलं नाही. बॅगांची चाकं फरशीवरून गेली तेवढं ऐकलं.

दोन महिन्यांनी मुलगा आला. बेल नाही, दारावर तळहाताने थापा. हातात लॅपटॉप. नवरा समोर गेला तर त्याला म्हणाला, "सर, मला मॅडमशी बोलायचंय." आत आला, सोफ्यावर न बसता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि हेडफोन माझ्यापुढे धरला.

मी कानाला लावला. आधी तानपुराच ऐकू आला. माझाच. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की वा, जोडीचा सा काय सुंदर लागलाय. हे लिहिताना लाज वाटते, पण आला. मग त्याच्या मागून म्हातारीचा आवाज. चाचरत, एखादी ओळ घेऊन, सोडून, पुन्हा घेऊन. तीन गाणी तिने मध्येच टाकली होती. एका ठिकाणी ती अरबीत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, मला माझं गाणं सापडत नाहीये." त्याने हेडफोन काढून घेतला. "महिनाभर बसलोय. तुमचं मशीन काढलं की तिचाही आवाज निघून जातो. दोन्ही एकाच जागी आहेत. तुम्ही म्हणाला होता, बघते."

"मग पुन्हा गाऊन घ्या."

"तिला गेल्या आठवड्यात झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. एकच शब्द राहिलाय. ला." ला म्हणजे नाही. "पाणी हवं? ला. नको? ला. बाकी सगळं समजतं तिला."

मला राग आला. हो, त्याच्यावर. समोरचा खरं बोलत असला की मला तसाच राग येतो. काहीतरी फेकून मारावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि येताना वही घेऊन आले. "ही घ्या तुमची गाणी. सातही. पूर्ण. दुपारी गायची तेव्हा लिहून घेतलीत." टेबलावर आपटलीच.

तो वहीकडे बघत राहिला. देवनागरी त्याला काय कळणार? म्हणाला, "वाचून दाखवा." मी पहिलं गाणं गायले. शब्द ऐकताना त्याचा चेहरा पार बदलला. गाणं संपलं तसा पुन्हा घट्ट झाला.

"शब्द तिचे आहेत," तो म्हणाला. "बाकी मला सांगता येत नाही. मी नेहमी दाराबाहेर होतो." त्याने वही माझ्याकडे सरकवली. "तिलाच विचारावं लागेल."

म्हणून पुढच्या शुक्रवारी मी क्लास रद्द केला. तो लॅपटॉप घेऊन आला, कैरोला व्हिडिओ कॉल लावला आणि स्वतः उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. तशातही आईसमोर त्याने पद्धत मोडली नाही. माझ्या नवऱ्यालाही बरोबर नेलं. तिकडे थोरल्याची बायको फोन धरून होती. ती इजिप्तची, तिला ही गाणी माहीत नाहीत. पलंगावर म्हातारी. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोक्यावरचा पदर मात्र नीट. तिने मला ओळखलं. हसली नाही.

मी पहिलं गाणं म्हटलं. जीव ओतून म्हटलं. सा वर येऊन थांबले.

"ला."

मला वाटलं, बिचारीला दुसरं काही म्हणता येत नाही म्हणून म्हणते. पुन्हा म्हटलं, शेवटचा सा अधिक स्वच्छ लावला.

"ला." या वेळी डाव्या हाताने गादीवर थाप मारली.

तीस वर्षांत मला कुणी असं थांबवलं नव्हतं. माझे कान तापले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ला. ला. मी चक्क मराठीत ओरडले, "अहो बाई, मग संपवू तरी कुठे?" तिने डोळे मिटले आणि चांगला हात कानाला लावला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं यंत्र चालू आहे. ते सवयीने सकाळपासून चालू होतं, आणि मी त्यावरच गात होते. तिला तेच ऐकू जात होतं, पुन्हा.

उठून बंद केलं. घर इतकं गप्प झालं की मला घेरी आल्यासारखं झालं. सा कुठे आहे तेच कळेना. मग तिच्या डब्याचा ठेका आठवून टेबलावर धरला आणि गायला लागले. शेवटची ओळ माझ्या हातात राहिलीच नाही. ती सरळ खाली गेली आणि खालच्या ध वर जाऊन बसली, भरल्या पोटी बसावं तशी. तिचं गाणं तिथेच संपत होतं. दम कमी पडला नव्हता की वय झालं नव्हतं. माझ्या डोक्यात माझा सा घुमत होता म्हणून मला ते अर्धवट वाटत होतं.

म्हातारीने कानावरचा हात खाली घेतला. तिच्याकडे एकच शब्द होता आणि तो तिने वापरला नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी. एका शुक्रवारी एक गाणं. मुलगा यायचा, कॉल लावायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचा, जिन्यात जायचा. माझ्याशी एक शब्द नाही. एकदा मी चहा विचारला तर म्हणाला, "मी चहासाठी येत नाही. आणि मॅडम, तुमचा आवाज मी कुठे वापरणार नाही. मला फक्त गाणं हवंय." मी म्हटलं, "वापरूच नका. तुमच्या त्या धम्म धम्मखाली मला जायचं नाही." पण नंतर तासभर मी ओटा पुसत राहिले. मला वाईट वाटलं होतं आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं.

दुसरं गाणं जमलं, तिसरं जमलं. चौथ्याला बावीस वेळा ला ऐकलं, मग तेही जमलं. तोपर्यंत मला वाटायला लागलं की आपल्याला युक्ती सापडली, सगळी खालच्या ध वर सोडायची. पाचवं गाणं मी तसंच ऐटीत सोडलं.

"ला."

रे वर सोडलं. ला. प वर. ला. वहीत खाडाखोड करून कागद फाटायची वेळ आली. तिला थकवा आला, सुनेने हात हलवून पुरे म्हटलं. म्हातारीने जाता जाता माझ्याकडे बघून डाव्या हाताचं एक बोट वर केलं. थांब, की अजून एक स्वर वर, की पुढच्या शुक्रवारी? मी आठवडाभर तिन्ही अर्थ लावून बघत होते.

शुक्रवारी बेल वाजली. त्याच्या हातात लॅपटॉप नव्हता. "काल संध्याकाळी गेली," तो म्हणाला. मी आत ये म्हटलं नाही, तरी तो आत आला आणि पहिल्यांदा सोफ्यावर बसला. नवऱ्याने पाणी आणून ठेवलं. ते त्याने प्यायलं नाही.

"तीन राहिली," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हो."

"वहीत आहेत ना?"

"आहेत. पण शेवट माझे आहेत."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं ते मला पुरतं लागू होतं, मी मान खाली घातली नाही. "गा," तो म्हणाला. "लिहिलंय तसंच गा."

तो जिन्यात गेला नाही. आता कुणासाठी जाणार होता? मी वही उघडली आणि तिन्ही गाणी एकामागून एक गायले, शब्द न् शब्द तिचा, आणि प्रत्येक शेवट माझ्या सा वर. कुणीही ला म्हटलं नाही.